दादाचं वाक्य

दादाचा फोन आला तेव्हा मी एका निवृत्त न्यायाधीशांचे श्वास कापत होतो. माझं कामच ते. रेडिओवर लोक मुलाखती देतात, अडखळतात, 'अं अं' करतात, घोट गिळतात, वाक्य अर्धं सोडून दुसरंच धरतात, आणि ते सगळं मी काढून टाकतो. ऐकणाऱ्याला वाटतं, काय माणूस बोलतो, नुसता धबधबा! कसला धबधबा, डबकी डबक्यांना जोडलेली असतात, पण ते मला ठाऊक. हे न्यायाधीश महाराज तर दर चार शब्दांनंतर असे थांबत की निकाल राखून ठेवलाय की काय असं वाटावं. पडद्यावर त्यांच्या आवाजाचे उंच-सखल डोंगर दिसत होते आणि मधेमधे सपाट रेघा. सपाट रेघ पकडायची, करंगळीनं बटण दाबायचं, की दोन डोंगर एकमेकांना चिकटतात आणि मधे काही होतं हे कुणाच्या बापाला कळत नाही. तेवढ्यात टेबलावर फोन थरथरला. वर दादाचं नाव. मी तीन ताड उडालो. कारण दादाला फोन करतात, दादा फोन करत नाही. तो संदेश पाठवतो, तेही 'ठीक', 'पोचलो', 'उद्या' असले. त्याच्या फोनवरून फोन येतोय म्हणजे तो फोन दुसऱ्या कुणाच्या हातात आहे, आणि दादाचा फोन दुसऱ्याच्या हातात म्हणजे दादा कुठल्या तरी खाटेवर. मन चिंती ते वैरी न चिंती. "कोण बोलतंय?" मी जवळजवळ ओरडलोच.  पलीकडून एक श्वास ऐकू आला, आत घेतलेला आणि वरच्या वर अडकून राहिलेला. तो मी हजारांत ओळखला असता. "दादा? काय झालं? बरा आहेस ना? कुठे आहेस? दुकानात आहेस का?" मी एका दमात विचारलं. "बा... बारक्या," तो म्हणाला. आणि मग, मधे माझे निदान पाच प्रश्न झाल्यावर, "रविवारी... डोंगरावर जाऊ. उद्यानात. तुझ्याशी ब... ब..." "बोलायचंय? अरे मग बोल ना आत्ता!" पुन्हा श्वास. "तिथं," दादा म्हणाला आणि त्यानं फोन ठेवला.

तिथं! मी न्यायाधीशांकडे परत आलो, पण हात कापायला तयार होईना. माझा दादा लहानपणापासून अडखळतो. शब्द त्याच्या घशात येऊन उभा राहतो आणि दार उघडत नाही. आमच्या घरात त्यावर उपाय मी होतो. मी त्याच्याहून लहान, पण बोलायला लवकर लागलो, आणि लागलो तो थांबलोच नाही. आई म्हणायची, बोलणाऱ्याची माती विकते, न बोलणाऱ्याचं सोनंही विकत नाही, तेव्हा बारक्या, तू दादाबरोबर जा. मग दुकानात दादा पिशवी धरायचा आणि मी बोलायचो. शाळेच्या मास्तरांकडे, दवाखान्यात, घरमालकाकडे, पाहुण्यांपुढे दादा तोंड उघडायचा, पहिलं अक्षर काढायचा आणि पुढचं वाक्य मी पुरं करायचो. दादा मान हलवायचा. सगळ्यांची सोय व्हायची. पुढे तो एका चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत काचा घासायला लागला, तिथे कोणी बोलायला जात नाही, आणि मी रेडिओत गेलो. आई-वडील गेल्यावर दोन खोल्यांचं घर दादाकडे राहिलं. मी आठवड्यातून एकदा फोन करतो. "जेवलास ना? काम चालू आहे ना? रविवारी घरीच होतास ना?" माझ्या प्रत्येक प्रश्नावर त्याचा हुंकार येतो, आणि मी फोन ठेवताना बायकोला सांगतो, दादा मजेत आहे. तोच माणूस आपणहून फोन करतो, डोंगर म्हणतो, बोलायचंय म्हणतो आणि 'तिथं' म्हणून ठेवून देतो. डॉक्टरनं काहीतरी सांगितलं असणार. गेल्या वेळी तो बारीक वाटला होता. बारीक वाटला होता की मला आत्ता बारीक वाटतोय? घरी हिला सांगितलं तर ही भाजी चिरता चिरता म्हणाली, "अहो, त्यांना डोंगर बघायचा असेल." "डोंगर बघायचा म्हणून कोणी फोन करतं?" "तुम्ही नाही करणार. ते करतील." मग सुरी खाली ठेवून म्हणाली, "जा. आणि एक दिवस तोंड मिटून बघा. मरत नाही माणूस त्यानं." मरायचा विषय कशाला काढलास म्हणून मी तिच्यावर खेकसलो.

माझ्याकडे एकच दिवस होता. सोमवारी पहाटे न्यायाधीश रेडिओवर ऐकवायचे होते. तेव्हा ठरवलं, एका दिवसात ते राष्ट्रीय उद्यान पिळून काढायचं. तळं, धबधबा, गवताळ माळ, मग बसनं वरच्या कड्यावर, आणि शेवटच्या बसनं खाली. उद्यानातल्या बसची वेळ, कुठे किती थांबायचं, कुठून काय दिसतं, सगळं मी आदल्या दिवशी वाचून पाठ केलं. अवघड परीक्षेआधी मी नेहमी असाच दुसऱ्याच विषयाचा अभ्यास करतो. सकाळी गाडीत बसल्या बसल्या दादाला मी सगळा बेत ऐकवला. त्यानं मान हलवली. त्याच्या गळ्यात दुर्बीण होती, जुनी, त्यानंच काचा बसवलेली, आणि अंगात मी कधी न पाहिलेला निळा स्वेटर. "नवीन घेतलास?" मान. "छान आहे." मान. मी त्याच्या गालाकडे, नखांकडे, डोळ्यांखाली चोरून बघत होतो. तो खिडकीबाहेर बघत होता. शहराच्या शेवटच्या इमारती गेल्या, सिमेंटच्या गोदामांच्या भिंती गेल्या, मग रस्ता वळायला लागला आणि कान बंद झाले. माझ्याच गप्पा मला लांबून ऐकू यायला लागल्या. तेव्हा वाटलं, आत्ता विचारावं. दादा, आजार आहे का, एवढंच. पण त्यानं 'हो' म्हणून मान हलवली तर? मी विचारतो तेव्हा तो मानच हलवतो. म्हणून मी त्याला पाइनच्या झाडांची माहिती सांगितली, तीही आदल्या दिवशी वाचलेली.

दारावर तिकिटांसाठी रांग होती. लाकडी खोपटं, त्याला खिडकी, खिडकीत एक बाई, केसांत पांढरी बट, कानावर पेन्सिल. मी पाकीट काढेपर्यंत दादा पुढे गेला. हे कधी होत नाही. खिडकीशी वाकून त्यानं तोंड उघडलं. "द..." मागच्या माणसानं घसा खाकरला. त्याच्यामागे एक पोर कंटाळून रडायच्या बेतात. दादाची मान थोडी पुढे आली, ओठ घट्ट झाले, मला ते बघवत नाही, कधीच बघवलं नाही. "दोन," मी त्याच्या खांद्यावरून म्हणालो, "मोठी माणसं दोन, आणि बसचेही दोन द्या." बाईनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "मी यांच्याशी बोलतेय," ती म्हणाली. शांतपणे, हातातली तिकिटं तशीच धरून. रांग थांबली. मी थांबलो. डोंगरसुद्धा थांबला असेल. "दो...न," दादा म्हणाला. "मोठी. आणि बस." "या," ती म्हणाली आणि हसली, आणि तिकिटं खिडकीखालून सरकवली. माझी कानशिलं तापल्यासारखी झाली. म्हणजे काय, मी काय परका आहे? सरकारी खुर्चीवर बसलं की माणसाला शिंगं फुटतात. दादाला मी म्हणालो, "काय आगाऊ बाई आहे." दादा तिकिटं घडी घालून स्वेटरच्या खिशात ठेवत होता. त्यानं मान हलवली नाही. पण हे माझ्या तेव्हा नाही, नंतर लक्षात आलं.

तळ्याशी पाणी इतकं स्थिर होतं की मला ते काहीतरी लपवतंय असं वाटलं. दादा काठाला उभा राहिला, दुर्बीण लावली आणि पलीकडच्या खडकांकडे बघत राहिला. मी घड्याळ बघितलं. मी फोटो काढले. तळ्याचा, दादाचा, तळ्यासकट दादाचा. "दादा, चल, धबधबा." त्यानं एक बोट वर केलं. थांब. "काय दिसतंय?" त्यानं दुर्बीण माझ्या हातात दिली. मला नुसतं धूसर दिसलं, मी चाक फिरवलं, अजून धूसर, आणि परत दिली. "हो, सुंदर," म्हणालो. नंतर कळलं, त्या खडकांवर डोंगरी बकऱ्या होत्या, पिल्लं सोबत. धबधब्याशी इतका आवाज होता की बोलणं अशक्य, आणि मला बरं वाटलं. पण त्या बरं वाटण्याचीच मला भीती वाटली. मी ह्याला इथे ऐकायला घेऊन आलो, म्हणजे त्यानं मला आणलं, आणि जिथे ऐकू येत नाही तिथे माझा जीव निवतो! माळावर आम्ही पाव आणि उकडलेली अंडी खाल्ली. दादानं अंडं सोलून मला दिलं, लहानपणी द्यायचा तसं, कवचाचा एक तुकडा न ठेवता. आणि तोंड उघडलं. "बारक्या, म..." माझ्या उजव्या हाताची करंगळी गुडघ्यावर दाबली गेली. मी पाहिलं तिच्याकडे. ती बटण दाबत होती. दादाचा तो थांबलेला क्षण, ती सपाट रेघ, ती कापत होती, माझ्या गुडघ्यावर, माझ्या परवानगीशिवाय. आणि तोंड केव्हाच पुढे गेलं होतं. "मीठ? मीठ आहे ना, हे घे," मी म्हणालो आणि पुडी पुढे केली. दादानं पुडीकडे पाहिलं. त्यानं मीठ घेतलं, अंड्यावर टाकलं आणि खाल्लं. मला माहीत होतं की त्याला मीठ नको होतं. तरी मी म्हणालो, "चल, बस चुकेल."

बसचा चालक जाडा, मिशीवाला, आरशातून सगळ्यांशी बोलणारा. आम्ही चढलो तसा दादाला म्हणाला, "आज पाहुणे वाटतं?" "हो," मी म्हणालो, "आम्ही दोघंही पहिल्यांदाच आलोय." चालकानं आरशात दादाकडे पाहिलं. दादानं माझ्याकडे पाहिलं. आणि मग दादानं मान हलवली. हो, पहिल्यांदाच. चालकाची मिशी हलली, त्यानं गिअर टाकला. बस वळणावळणानं चढायला लागली. प्रत्येक वळणावर दरी एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे, आणि मला उगाच ते वडिलांचं आजारपण आठवलं. तेव्हा डॉक्टर दादालाच म्हणाले होते, तुम्ही थोरले ना, आणि दादानं माझ्याकडे बघितलं होतं, आणि मी विचारलं होतं, किती दिवस. आता ह्याच्या वेळी कोण विचारणार, कोणाला? त्याचा डॉक्टर त्याला एकट्याला काय म्हणाला असेल, आणि त्यानं काय विचारलं असेल, आणि तो प्रश्न पुरा होईपर्यंत डॉक्टर थांबला असेल का? माझ्या डोळ्यांत पाणी आलं. वाऱ्यामुळे, असं मी पलीकडच्या बाईला सांगितलं, तिनं विचारलं नव्हतं.

वर कड्याजवळ एक चहाची टपरी आहे, पत्र्याची. टपरीवालीनं आमच्याकडे बघितलं, माझ्यासमोर साखर घातलेला चहा ठेवला आणि दादासमोर बिनसाखरेचा, मोठ्या पांढऱ्या कपात. बाकी सगळ्यांना कागदी पेले. दादा बिनसाखरेचा पितो. हे तिला कोणी सांगितलं? कपाच्या कडेला एक टवका उडालेला होता, आणि दादानं कप न बघता फिरवून टवका पलीकडे केला. तिथे माझी ट्यूब पेटली. इतका वेळ मी, आंधळ्याला धरावं तसा हात धरून, त्याला त्याच्याच घरात फिरवत होतो. "दादा," मी म्हणालो, "तू इथे आधी आला आहेस." मान. "पुष्कळदा?" मान. "दर रविवारी?" मान. आता ह्या मानेवरही माझा भरवसा उरला नव्हता. "मग सकाळपासून सांगितलं का नाहीस? मी तुला इथला नकाशा समजावून सांगतोय, झाडं दाखवतोय, गाढव दिसलो असेन मी!" दादानं कप खाली ठेवला. "तू," तो म्हणाला, आणि थोडा थांबला, आणि डोळ्यांतून हसला, "सांगत होतास ना." टपरीवाली फिसकन हसली. मी पण हसलो, पण भीती गेली नाही. उलट वाढली. कारण दर रविवारी माणूस डोंगरावर का येतो? हवेसाठी. छातीसाठी. डॉक्टरनं सांगितलं असणार, स्वच्छ हवेत जा. किती दिवसांपासून? आणि मी दर आठवड्याला विचारत होतो, रविवारी घरीच होतास ना?

कड्यावर ढग आले होते. कठडा, त्यापलीकडे पांढरं, आणि अधूनमधून त्या पांढऱ्याला भोक पडून खाली ते तळं दिसायचं, पुन्हा बंद. लोक निराश होऊन बसकडे परतत होते. ही शेवटची बस. चालकानं एकदा भोंगा वाजवला. "दादा, चल," मी म्हणालो. दादा हलला नाही. कठड्याला टेकून माझ्याकडे वळला, आणि मला कळलं की आता. त्याची मान थोडी पुढे आली. "बारक्या. म... म..." भोंगा. मी बसकडे पाहिलं, दादाकडे पाहिलं. चालक दारातून हात करत होता. माझ्या डोक्यात वाक्यं तयार होती, एकावर एक, रचून ठेवलेली. मला आजार आहे. मला ऑपरेशन आहे. माझ्यामागे घर तू घे. कुठलंही एक मी टाकलं असतं तर दादानं मान हलवली असती आणि आम्ही दोघं बसमध्ये असतो. खरं की खोटं, नंतर बघितलं असतं. आयुष्यभर आमचं असंच भागलं. करंगळी चळवळायला लागली. मी ती मुठीत धरली. जीभ दातांखाली धरली, खरोखर धरली, रक्ताची चव आली. दादाचे ओठ मिटलेले, गळ्याची शीर फुगलेली, डोळे माझ्यावर. ते डोळे, मी इतक्या वर्षांत पहिल्यांदा पाहिलं, मदत मागत नव्हते. मी समजत होतो बुडणाऱ्याचे डोळे आहेत. ते थांबणाऱ्याचे होते. दादानं बसकडे न बघता हात वर केला आणि चालकाला 'जा' अशी खूण केली. बस गेली. तिचा आवाज ढगात बराच वेळ ऐकू येत राहिला, मग तोही नाही. माझं डोकं गरगरत होतं. इतकी लांब सपाट रेघ मी जन्मात ऐकली नव्हती.

"मी लग्न करतोय," दादा म्हणाला.

काय वाटलं सांगू? आधी मी कठड्यावर बसलोच. मग इतका आनंद झाला की रडू आणि हसू एकदम आलं, आणि मग जिभेचा बांध फुटला. "अरे लबाडा! आणि मी इथे तुला स्मशानात पोचवून परत आलोय! कोण? कुठली? कधी? अरे ती... ती खिडकीतली? मी तिला आगाऊ म्हणालो! दादा, सांगायचं नाही का, थांब, हिला फोन करतो, हॉल वगैरे मी बघतो, लोकांना मी..." दादानं तळहात वर केला. "थांब," तो म्हणाला. "ते व... वाक्य... नव्हतं." मी थांबलो. वाऱ्यानं ढग जरा फाटला, खाली तळं दिसलं. दादानं श्वास घेतला आणि ह्या वेळी मी त्याच्या घशाकडे नाही, तळ्याकडे बघत राहिलो, म्हणजे त्याला बरं पडेल. त्याचं वाक्य तुकड्यातुकड्यानं आलं. मधे वारा, मधे एक पक्षी, मधे काहीच नाही. नोंदणी कचेरीत, तो म्हणाला, साहेबांसमोर एक वाक्य स्वतः म्हणावं लागतं. दोघांनी. मोठ्यानं. दुसऱ्यानं म्हटलेलं चालत नाही. "तिच्यासमोर येतं," दादा म्हणाला. "वेळ लागतो. पण येतं." मग पुन्हा थांबला. "तू असलास की... नाही येत. तू असलास की मी... वाट बघतो. तू म्हणशील म्हणून. सवय." आणि मग तो, ज्यासाठी मला एवढ्या उंचावर आणलं होतं, ते म्हणाला. "तू लग्नाला येऊ नकोस."

राग आला. खोटं कशाला बोलू, मस्तकात गेला. अरे, मी तुझी जीभ झालो, तुझ्यासाठी मास्तरांशी भांडलो, घरमालकाला झापलं, तुला चिडवणाऱ्या पोरांना ढेकळं मारली, आणि तुझ्या लग्नात मी नको? चार लोक येतील आणि सख्खा भाऊ नाही? मी हे सगळं त्याला म्हणालो. मोठ्यानं म्हणालो, कड्यावरून आवाज घुमला आणि परत आला, माझाच, न कापलेला, आणि तो ऐकायला फार वाईट होता. दादानं ऐकून घेतलं. सगळं.  मी दमलो तेव्हा म्हणाला, "हो. म... म्हणून." आणि खिशातून रुमाल काढून मला दिला, कारण माझ्या ओठावर रक्त होतं.

आम्ही चालत उतरलो. बसच्या रस्त्यानं नाही, पाइनमधून एक पायवाट आहे, ती दादाला माहीत होती. तो पुढे, मी मागे. माझ्या मनात अजून धुसफूस होती. हिला काय सांगू, लोकांना काय सांगू, आणि सोमवारच्या न्यायाधीशांचं काय, असलं सगळं एकमेकांत गुंतून डोक्यात फिरत होतं. पण पायवाट अशी होती की पाय कुठे ठेवायचा ते बघावं लागत होतं. आणि दादा बोलायला लागला. पाठमोरा, सावकाश. तिला पहिल्यांदा कुठे भेटला: तिचा चष्मा त्याच्याकडे दुरुस्तीला आला होता, काच चुकीची घासली गेली होती, आणि ती भांडायला थेट मागच्या खोलीत आली. तिनं प्रश्न विचारला आणि उत्तर येईपर्यंत ती उभी राहिली. "उभी... राहिली, बारक्या," तो म्हणाला, "बस्. तेवढंच." मला त्याचा आवाज असा कधी ऐकू आला नव्हता. आम्ही बोलत असताना नेहमी मी बोलत असायचो. त्याच्या दोन शब्दांमधल्या जागेत पावलं पडण्याचे आवाज येत होते, पाइनच्या काड्या मोडण्याचे. एका वळणावर तो थांबला, दुर्बीण दिली, चाक आधीच बरोबर फिरवून. बकऱ्या होत्या. पिल्लू खडकावरून उडी मारायची की नाही ह्याचा विचार करत होतं, आई पलीकडे उभी होती आणि बघत होती, बोलावत नव्हती. मी बराच वेळ बघितलं. घड्याळ मला नंतर आठवलं.

खाली पोचलो तेव्हा उन्हं कलली होती. दारावरची रांग गेली होती, आणि ती खिडकीची फळी खाली ओढत होती. आम्हाला बघून थांबली. जवळून ती तेवढी आगाऊ दिसत नव्हती. तिच्या चष्म्याच्या काचा फार स्वच्छ होत्या. निळ्या स्वेटरसारखाच एक तिच्याही अंगात होता, तिनंच दोन्ही विणले असणार, बाही एकाची जराशी आखूड. "मग?" तिनं दादाला विचारलं, "सांगितलं?" दादानं मान हलवली, खरी. "आणि ते काय म्हणाले?" "त्याला... विचार," दादा म्हणाला.

ती माझ्याकडे वळली. मी तोंड उघडलं. मला काय म्हणायचंय ते मला नक्की माहीत होतं, आणि ते येईना. पहिलं अक्षर ओठांवर येऊन बसलं आणि दार बंद. जीभ चावलेली होती म्हणून असेल. मला वाटलं, आता दादा म्हणेल, त्याला चालेल. किंवा ती म्हणेल, राहू दे, नंतर बोलू. दोघांनाही माझं वाक्य ठाऊक असणार. पण कोणी काही म्हटलं नाही. तिनं फळी हातानं तशीच धरून ठेवली. दादा माझ्याकडे बघत होता, तळ्याकाठी बघत होता तसा. "मी त्या दिवशी... येणार नाही," मी म्हणालो. "मला नंतर ऐकवा. त्यानं ते कसं म्हटलं ते."

"भावोजी," ती म्हणाली, "फोनवर रेकॉर्ड करून पाठवीन. पण फार लांब होईल हो ते. मधे बराच वेळ काही ऐकू येणार नाही."

"होऊ दे, वहिनी," मी म्हणालो. "मी त्याला हात... लावणार नाही." आणि एवढं म्हणायलाही मला मधे थांबावं लागलं, आणि ते दोघं थांबले.